भारी

नामचे बाजारला पोहोचलो त्या संध्याकाळी मी इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला. डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालेसारखं वळलेलं गाव, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेली निळ्या-हिरव्या पत्र्यांची घरं, समोर ढगातून अर्धवट निघालेलं कोंगदे शिखर. खाली फक्त आकडा लिहिला, ३४४० मीटर. तासाभरात पुण्यातून, परभणीतून, संभाजीनगरातून साठ-सत्तर कमेंट पडल्या. त्यातल्या निम्म्या तरी एकाच शब्दाच्या होत्या. भारी. भारी रे. लई भारी.

मी त्या वाचत बसलो होतो तेव्हा आमच्या बॅगा वाहणारा मुलगा शेजारी चहा पीत होता. बावीस-तेवीस वर्षांचा. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे स्क्रीनवरचा शब्द त्याला वाचता आला. तो हसला. "भारी मतलब तो ये," असं म्हणून त्यानं भिंतीला टेकवलेल्या आमच्या दोन डफल बॅगा दाखवल्या. नेपाळीत भारी म्हणजे ओझं. ते वाहणारा तो भरिया.

हा लेख त्या दोन बॅगांबद्दल आहे. त्यातली एक माझी होती.

मी परभणीचा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून छाती फुगवणाऱ्या आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून स्वतःवरच हसणाऱ्या गावचा. आमच्याकडे उंची नावाचा प्रकार फारसा नाही. गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन. लहानपणी सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल, तोही सायकलवर डबलसीट. पुण्यात नोकरीला लागल्यावर शनिवार-रविवार गड चढायची सवय लागली. हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई झालं, मग मित्रांच्या नादानं एव्हरेस्ट बेस कॅम्प. एव्हरेस्ट नाही हं, बेस कॅम्प. आमच्या गल्लीत हा फरक कुणी ऐकून घेत नाही. तिथं मी एव्हरेस्ट चढून आलेला माणूस आहे, आणि माझ्या मायनं ती अफवा थांबवण्याचा अजिबात प्रयत्न केलेला नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, नव्या मोंढ्यात हमाल होते. (मोंढा म्हणजे आमच्या मराठवाड्यात धान्याचा बाजार. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं.) गुडघे जाईपर्यंत त्यांनी ज्वारी, तूर, हरभरा आणि नंतर नंतर सोयाबीन वाहिलं. आधी क्विंटलची पोती होती, पुढे पन्नास किलोचे कट्टे आले. ट्रकमधून उतरवायचं, काट्यावर घालायचं, थप्पी लावायची. त्यांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीचा एक जाड पट्टा आहे. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसायचो तेव्हा तो हाताला लागायचा आणि मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना तो असतोच.

आता लुक्ला. ऑक्टोबरच्या गर्दीत काठमांडूऐवजी रामेछापच्या धावपट्टीवरून विमानं सुटतात, म्हणून रात्रभर गाडीत हादरे खात तिथं जायचं आणि पहाटे वीसेक मिनिटांच्या उड्डाणात लुक्लाला उतरायचं. ही धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरीच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी राबून केली. उणीपुरी ५२७ मीटर लांब आणि चक्क उतारावर. उतरल्यावर टाळ्या वाजतात. आम्हीही वाजवल्या. मग बाहेर आलो. तिथं पोर्टर उभे होते, आणि आमच्यासाठी ठरलेल्या त्या मुलानं माझी बॅग आणि मित्राची बॅग दोरीनं एकत्र बांधली, दोरीला रुंद पट्टा लावला, खाली बसला, तो पट्टा कपाळावर घेतला आणि उठला.

त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. सगळं वजन कपाळावरून मानेत आणि मानेतून पाठीत उतरतं. आपल्याकडे 'माथाडी' हा शब्द माथ्यावरून आला. कायद्यात, सभांच्या बॅनरवर, आबांच्या ओळखपत्रावर मी तो हजारदा वाचला होता. त्याचा अर्थ मला लुक्लाच्या धावपट्टीबाहेर कळला.

त्याच्या मानेकडे बघवेना. मी पुढे बघून चालायला लागलो.

रात्री फाकडिंगच्या लॉजमध्ये जेवताना मी विषय काढला. सकाळपासून माझी बॅग मीच घेणार, म्हणालो. मित्रांनी वेड्यात काढलं. "अरे, आपण नाही दिलं तर त्याला काम कोण देणार?" एक म्हणाला. दुसऱ्यानं आकडेमोड केली की त्या मुलाच्या घरी या सहा आठवड्यांच्या कमाईवर वर्ष निघत असेल. तिसरा म्हणाला, "तुला गिल्ट येतंय, बाकी काही नाही." तो वाद आता आठवला की एक गोष्ट लक्षात येते. तो मुलगा भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बसला होता आणि आम्ही चौघं त्याच्या पाठीबद्दल अर्धा तास बोललो. त्याला कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं माझी बॅग सॅकवर आडवी बांधून निघालो. मोंजोपर्यंत गेलो. पुढे दूधकोशीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेपर्यंत सहाशे मीटरची सलग चढण लागते. पुलानंतर वीस मिनिटांत माझं बारा वाजलं. तिथल्या हवेत समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास प्राणवायू असतो, त्यामुळे श्वास नुसताच आत-बाहेर होतो, पुरत नाही. एका दगडावर मी बसलो. तो मुलगा परत खाली आला, काही न बोलता माझी बॅग सोडवली आणि आपल्या भाऱ्यावर बांधली. तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. त्यावर दया नव्हती, आभारही नव्हते. राग होता.

कारण मला संध्याकाळी कळलं. सकाळी त्याच्या पाठीवर अर्धंच ओझं बघून गाईडनं त्याला झापलं होतं. पाहुण्यानं बॅग काढून घेतली म्हणजे यानं काहीतरी आगळीक केली असणार. दिवसाची मजुरी कापली जाईल या धास्तीत तो तीन तास चालला होता. म्हणजे माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून केलेल्या त्या थोर कृत्याचा खर्च त्यानं उचलला होता. तेही ओझंच.

आमच्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनीबरोबर विठ्ठल दळू लागला, तिच्या गोवऱ्या वेचू लागला, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. देवानं दासीचं ओझं उचललं, याहून मोठी गोष्ट आम्ही ऐकलेली नाही. मला वाटतं त्या सकाळी माझ्या डोक्यात तेच चित्र होतं, फक्त विठ्ठलाच्या जागी मी होतो. माय ही गोष्ट सांगते तेव्हा शेवटी एक वाक्य हमखास जोडते, जे कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. "देव दळू लागला खरा, पण नामदेवाच्या घरचं दळण काही कमी झालं नाही."

*

नामचेत एक दिवस थांबावं लागतं, शरीर उंचीला सरावावं म्हणून. हे गावच मुळी थांबण्यासाठी आहे. खालून तांदूळ, रॉकेल घेऊन येणारे आणि वरून तिबेटकडून येणारे व्यापारी इथं भेटायचे. शनिवारचा बाजार अजून भरतो. आता सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात वर्षाकाठी पन्नास हजारांच्या घरात पर्यटक येतात आणि एव्हरेस्टकडे जाणारे जवळजवळ सगळे या गावातून जातात. बेकरी आहे, कॅफे आहे, एटीएम आहे, नकली ब्रँडची जॅकेटं आहेत. दालचिनीचा रोल खात खिडकीतून हिमशिखर बघता येतं. आणि हे सगळं इथंच उगवलंय असं वाटायला लागतं.

दरवाजाच्या गावाचं कामच ते असतं. तुम्हाला आत घ्यायचं, आणि तुमच्या आधी इथं काय काय चढवून आणलंय ते तुमच्या नजरेला पडू द्यायचं नाही. नामचेपर्यंत मोटाररस्ता नाही. ती खिडकीची काच, तो ओव्हन, ती कोकची बाटली, सगळं खेचराच्या, याकच्या, हेलिकॉप्टरच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून आलेलं असतं. चहाचा भाव उंचीबरोबर चढतो म्हणून लोक कुरकुरतात. आपल्याकडे कळसूबाईला बारीकडून चढताना वाटेत लिंबू-सरबतवाल्या मावशींशी वीस रुपयांवरून घासाघीस करणारे मी पाहिलेत. मीही केली आहे. त्या सरबतातलं पाणी डोंगरावर कसं आलं हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

'सायन्स' या नियतकालिकात २००५ साली एक छोटा शोधनिबंध आला होता. संशोधकांनी नामचेच्या बाजाराच्या आदल्या दिवशी वाटेवर उभं राहून माणसं मोजली. ५४५ पुरुष, ९७ बायका आणि फक्त ३२ याक. पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होतं, बायकांचं ६६ टक्के. इतकं वजन इतक्या कमी ताकदीत कसं वाहिलं जातं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांच्या चालण्याची एक पद्धत आहे. सावकाश चालायचं, वारंवार थांबायचं, थांबताना टोक्मा नावाची टी-आकाराची काठी भाऱ्याखाली लावून उभ्यानं विसावा घ्यायचा. निबंध सुंदर आहे. पण वाचून झाल्यावर मला शंका आली की आपल्याला माणसाच्या कौशल्याचं कौतुक करायला इतकं का आवडतं. कौतुक स्वस्त असतं म्हणून तर नाही? मोंढ्यातही नवीन अडत्या आला की म्हणायचा, "काय ताकद आहे तुमच्यात!" आबा म्हणायचे, ज्या दिवशी जास्त कौतुक, त्या दिवशी जास्त पोती.

थांबण्याच्या दिवशी मी वाय-फाय घेऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. शिखरं दाखवली. माय हरखली. आबांनी एक-दोनदा "हां, हां" केलं. मग मागून तो मुलगा गेला, त्याच्या हातात दोर आणि नाम्लो होतं, आणि आबांचा आवाजच बदलला.

"ते काय हाय त्याच्या हातात?"

मी सांगितलं.

"किती किलोचं वझं?"

"दोन्ही बॅगा मिळून तीसेक असेल."

"असंल म्हंजे? मापलं नाही का?"

"नाही."

"हमाली काय ठरली?"

"कंपनीनं ठरवली असेल, आबा."

"आन् त्याच्या हातात किती भेटते?"

"माहीत नाही."

"वापस येताना रिकामा येतो का भाडं भेटतं? रातच्याला कुठं निजतो? पांघरूण कोणाचं?"

एकाही प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. दोन दिवस ज्या माणसाबद्दल मी तळमळत होतो, त्याच्याविषयी मला कवडीची माहिती नव्हती. आबांनी सांगितलं, त्याला फोन दे. मग परभणीच्या हिंदीत आणि नेपाळी वळणाच्या हिंदीत दहा मिनिटं बोलणं झालं. पट्टा कशाचा असतो, पावसात भिजल्यावर काचतो का, उतारावर गुडघा आधी जातो का मान. मी फोन धरून उभा होतो. दोघंही हसत होते. एकानंही दुसऱ्याला बिचारा म्हटलं नाही.

मग आम्ही दोघं एका दुकानात गेलो आणि टांगता काटा मागितला. दोन बॅगा मिळून तेहतीस किलो. ट्रेकच्या पोर्टरला तीस किलोच्या वर देऊ नये असा संकेत तिथं सांगितला जातो. त्याची स्वतःची पिशवी वेगळी होती, ब्लँकेट आणि कपडे, पाच किलो. ती कुठल्याच हिशोबात नव्हती. रात्री हे आबांना कळवलं तर ते म्हणाले, "बारदानाचं तसंच आसतं. मापात धरत नाहीत, पाठीवर मात्र आसतंच."

*

कान्टचं एक तत्त्व कॉलेजात पाठ केलं होतं. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द आपण वाचताना गिळतो. कान्ट असं म्हणत नाही की कुणाकडून काम करून घेऊच नका; तसं असतं तर न्हाव्याकडे जाणंही पाप ठरलं असतं. माणूस माझं काम करताना माणूस म्हणून उरतो का, त्याचे स्वतःचे हेतू, त्याचं दुखणं, त्याची घरी परतायची तारीख माझ्या विचारात असते का, एवढंच तो विचारतो. मला वाटलं होतं, बॅग दुसऱ्याला दिली की अनीती आणि स्वतः घेतली की नीती. प्रश्न बॅगेचा नव्हताच. बॅग माझ्याच पाठीवर असतानाही तो मुलगा माझ्यासाठी साधनच होता. आधी माझ्या सामानाचं, मग माझ्या पापक्षालनाचं.

"पण त्याला मान्य आहे ना," हे दुसरं वाक्य. मोंढ्यात क्विंटलचं पोतं उचलायलाही हमाल 'तयारच' असायचे. कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली पुरुष कामगाराच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली, त्यानंतरही कितीतरी वर्षं शंभर किलोची पोती माणसांच्या पाठीवरून चालत राहिली, सगळ्यांच्या संमतीनं. नाही म्हणण्याची सोय नसेल तर हो म्हणण्याला काय किंमत? महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचं ते फळ. त्यानं हमालाच्या आणि व्यापाऱ्याच्या मध्ये एक मंडळ उभं केलं. मजुरी मंडळात जमा, त्यावर लेव्ही, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. कायदा आदर्श चालतो असं कुणी म्हणणार नाही. आबांच्या हाती त्याचं कार्ड पडायला उशीर झाला आणि त्यासाठी किती चकरा झाल्या ते मी पाहिलंय. पण त्यामुळे हमाल हा शेठच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस राहिला नाही, निदान कागदावर तरी.

मर्जी आणि मजुरी यांतला फरक मला घरीच शिकायला मिळाला होता, पण विसरलो होतो. दिवाळीला अडतीवरून मिठाईचा पुडा, टॉवेल-टोपी यायची. आम्ही पोरं खूश. हमालीच्या दरात पोत्यामागे थोडीशी वाढ मागितली की तोच शेठ ओळख विसरायचा आणि मोंढा आठ-आठ दिवस बंद पडायचा. ट्रेकच्या शेवटी आम्ही पोर्टरांना टिप देतो, जॅकेट देतो, मिठ्या मारतो, फोटो काढतो. मीही दिली, जरा जास्तच. वाईट काहीच नाही त्यात. पण टिप माझ्या मूडवर असते, माझं पोट बिघडलं असेल तर कमी होते. ती टॉवेल-टोपीच आहे.

एव्हरेस्टवर हे दर किती उघडे पडतात ते १८ एप्रिल २०१४ ला दिसलं. खुंबूच्या बर्फधबधब्यात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. दुसऱ्यांसाठी शिड्या, दोर आणि सामान वर पोहोचवताना गेले. सरकारनं सुरुवातीला घरटी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, आपले पंचवीस हजार. कामगारांनी काम थांबवलं. त्या वर्षी नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळपास बुडाला आणि विम्याची रक्कम वाढली. बातम्यांमध्ये तेव्हा बऱ्याच गिर्यारोहकांची हळहळ होती, वर्षानुवर्षांचं स्वप्न आणि लाखो रुपये गेल्याची. ती हळहळ खोटी नव्हती. ८८४८ मीटरचं स्वप्न बघणारा माणूस वाईट असतो असं मला वाटत नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले, २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमीची टीम पोहोचली, तेव्हा माझ्यासारख्या सपाट गावच्या पोरांनाही वाटलं की ही वाट आपल्याला मोकळी आहे. फक्त ती मोकळी कुणी केलेली असते, हे वर जाण्याच्या नादात मागे पडतं.

१९५३ च्या ज्या मोहिमेत हिलरी आणि तेनझिंग माथ्यावर पोहोचले, तिच्यात साडेतीनशेहून जास्त हमाल होते. तेनझिंग स्वतः १९३५ च्या मोहिमेत हमाल म्हणूनच पहिल्यांदा गेले होते. त्यांच्याबद्दल आपण हमाल असूनही माथ्यावर पोहोचले असं म्हणतो. त्या 'असूनही'त बाकीच्या साडेतीनशेंना आपण खालीच सोडून देतो.

आणि वर पोहोचलेले सगळे खालच्यांसाठी दार उघडं ठेवतात असंही नाही. खुंबूतले अनेक शेर्पा आता लॉजचे मालक, एजन्सीवाले झालेत. त्यांची मुलं परदेशात शिकतात. चांगलंच आहे. पण मग सामान कोण वाहतं? बहुतेक खालच्या डोंगरांतले राई, तामांग, मगर. आमचा मुलगा राई होता. लोकांना वाटतं नेपाळी म्हणजे डोंगरातला, त्याला उंची लागत नाही. लागते. उंचीच्या आजारानं एका तरुण पोर्टरचा मृत्यू झाल्यावर, १९९७ साली, पोर्टरांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्यांच्या मागण्या वाचल्या तर आबांची यादी वाटते. उबदार कपडे, निवारा, आजारी पडला तर उपचार, एकट्याला खाली न पाठवणं. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की जातव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्यांनाच कप्प्यांत घालते. ओझं हातातून जातं तेव्हा ते हवेत विरत नाही. एक कप्पा खाली उतरतं.

इथं मला थांबून एक कबूल करायला हवं. हे सगळं मी शेर्पांबद्दल लिहितोय, पण कप्पा वर चढलेला मीच आहे. आबांनी वाहिलेल्या पोत्यांवर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. मी आमच्या घराचा माथा, ते भरिया. या विचारानं मी कधी गहिवरतो, आणि आबांना ते बिलकुल आवडत नाही. एकदा फोनवर मी त्यांना म्हणालो, तुमचं ऋण कसं फेडू. ते म्हणाले, "ऋण कामून? म्या हमाली घेतली की तवा." त्यांच्या दृष्टीनं हिशोब झालेला आहे. शेठबरोबर झाला नसेल पूर्ण, पण माझ्याबरोबर झाला आहे. मला मात्र तसं वाटून घेता येत नाही.

एका बाबतीत माझं आणि त्यांचं पटत नाही. मी म्हणतो, पोत्यात काय आहे याला महत्त्व आहे. मोंढ्यातली तूर कुणाच्या तरी ताटात जाते. माझ्या बॅगेत दोन पॉवरबँक, लेन्स, भडंग, शेंगदाण्याची चटणी, चार दिवसांत एकदाही न घातलेली जीन्स होती. या गोष्टींसाठी एका माणसाची मान वाकावी का? आबा म्हणतात, हमाल पोत्यात बघत नाही. तूर असो का सरकी, दर तोच. "तुव्हं सामान फालतू हाय म्हणून त्यानं फुकट बसावं का?" त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या बाजूनं. माझ्या बाजूनं बघितलं तर जीन्स घरी ठेवता आली असती. नामचेत मी दोन किलो सामान लॉजमध्ये ठेवून पुढे गेलो. उरलेल्या वाटेत मी काही थोर वागलो नाही. रोज सकाळी काटा शोधला, आणि संध्याकाळी तो कुठे झोपतोय ते बघून आलो. दिंगबोचेला जेवणघराच्या बाकावर झोपायला लागत होतं, तेव्हा गाईडशी भांडलो. भांडण हरलो. एक रजई मिळाली.

परत आल्यावर मी कंपनीला मेल केला. पोर्टरला दिवसाला नक्की किती पोहोचतात, विमा कितीचा, वजन कोण तपासतं. उत्तर आलं, नम्र होतं, आकडा नव्हता. हे सगळं स्थानिक ठेकेदार बघतो, असं होतं.

परभणीला आलो तेव्हा आबांनी दारातच बॅग हातात घेतली. मी ओढायला गेलो तर हात झटकला. एका हातानं वर-खाली केली आणि म्हणाले, "सोळा." घरात काटा आहे. सोळा किलो दोनशे ग्रॅम भरली.

आता एव्हरेस्टवर सामान आणि कचरा वाहायला ड्रोन वापरून बघताहेत. लुक्लाच्या दिशेनं खालून रस्ता सरकतोय. मी आबांना तो व्हिडिओ दाखवला, चार पंखांचं यंत्र बर्फावरून पिशवी घेऊन जाताना. त्यांनी दोनदा बघितला. "बेस हाय," म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "मंग त्या पोराचं काय?"

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला, मेसेज येतो. अधूनमधून तो थेट आबांनाच फोन लावतो, आणि दोघं माझ्याशिवाय बोलतात. मागच्या महिन्यात मी घरी होतो तेव्हा त्याचा फोन आला, कतारमधून. ट्रेकिंग सोडलंय, एका गोदामात लागलाय. एसी आहे, जेवण मिळतं, दोन वर्षांचा करार. स्पीकरवर आबा शांतपणे ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर मी 'छान आहे, काळजी घे' असलं काहीतरी बोलायला लागलो, तेवढ्यात त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"वहां पेटी कितने किलो की रहती?"